आधी समोरच्याचं

९ फेब्रुवारी

धाकट्या,

दोन्ही हातांत वटवाघूळ होतं, म्हणून सहायकाने तुझं पत्र फोडून माझ्या तोंडासमोर धरलं. पंखाच्या शिरेतून दोन थेंब रक्त घ्यायचं, घशात कापसाची काडी फिरवायची, पायात क्रमांकाची कडी घालायची आणि सोडून द्यायचं. तेवढ्यात तुझं पहिलं पान वाचून झालं. पान उलट म्हटल्यावर तो म्हणाला, "बाई, लक्ष असू द्या, चावेल." मी म्हटलं, "पत्र की वटवाघूळ?" तो हसला नाही. तुझ्या शाळेतल्या मुलीचं त्याने पेपरात वाचलं होतं.

अण्णांचा नियम पाळते. आधी समोरच्याचं.

तुझं म्हणणं असं: सातवीतली मुलगी चार दिवसांच्या तापाने गेली. ताप मेंदूत गेला आणि डॉक्टरांना कारण सापडलं नाही. शाळेमागच्या बंद व्यायामशाळेत सहाशे वटवाघळं आहेत, आणि ती मुलगी मधल्या सुट्टीत त्याच भिंतीच्या सावलीत डबा खायची. गावाने दोन अधिक दोन चार केले. आत धूर करून सगळी मारायची असा अर्ज आलाय. जागा शाळेची, किल्ली तुझ्या खणात, त्यामुळे मुख्याध्यापक म्हणून तुझी सही लागते. ती द्यायची का, हे तू मला विचारतोस, कारण तिथली वटवाघळं दोन वर्षांपूर्वी मीच तपासली होती. खरं म्हणजे तुला शास्त्र नको आहे. उद्या दुसरं मूल आजारी पडलं तर हेडमास्तर हात बांधून बसला होता असं कुणी म्हणू नये, आणि तू स्वतःही म्हणू नयेस, एवढंच तुला हवंय.

हेच का? "हो, हेच" असं तू म्हणेपर्यंत मी पुढे बोलू नये. पण टपालाला चार दिवस लागतात, म्हणून बोलते.

मला माहीत आहे ते थोडं आहे. एकशे चाळीस वटवाघळं तपासली. त्या दिवशी एकाच्याही अंगात मेंदूज्वराचा विषाणू नव्हता. अकरांच्या रक्तात जुन्या संसर्गाची खूण होती. म्हणजे तो त्यांच्यात कधीतरी येऊन गेला आणि पुन्हा येऊ शकतो. मुलीला त्यांच्यामुळे झालं का, ते सांगता येत नाही. दवाखान्याने तिचा नमुना ठेवलेला नाही. त्यांच्यामुळे झालं नाही, असंही सांगता येत नाही.

एक गोष्ट बऱ्याच खात्रीने सांगते. धूर करू नका. धुराने सगळी मरत नाहीत. उरलेली पांगतात, घरांत शिरतात, आणि भेदरलेल्या, उपाशी प्राण्याच्या अंगातून विषाणू जास्त बाहेर पडतो. आज ती एका खोलीत आहेत आणि खोलीला कुलूप आहे. ते राहू दे. पाण्याच्या टाकीला झाकण घाल, भिंतीलगत कुंपण घाल. खाली पडलेल्याला कुणी हात लावायचा नाही, त्यांचं उष्टं फळ कुणी खायचं नाही. यातलं काहीही फलकावर लिहून मिरवण्यासारखं नाही, हे मला कळतं.

सभेला येते.

ताई

ता. क. एवढं सगळं फोनवर का नाही बोलत, असं तुझी बायको विचारेल. फोनवर तब्येत आणि कागदावर मतभेद, हाही अण्णांचाच नियम, म्हणून सांग. सासऱ्यांचं काय काय पाळायचं, म्हणेल. म्हणू दे.


१३ फेब्रुवारी

ताई,

हो, हेच. "तू स्वतःही म्हणू नयेस" इथे जरा वेळ थांबलो. ते मी लिहिलं नव्हतं.

आता तुझं: धोका आहे, लहान आहे, किती लहान ते ठाऊक नाही. मारायला गेलो तर वाढेल. सांभाळून राहिलो तर कमी होईल, पण शून्य होणार नाही. मुलगी कशाने गेली ते कधीच कळणार नाही. बरोबर?

इथलं सांगतो. गावात दोन पक्ष पडलेत. आमचे शिपाई, मामा, त्यांना धूरवाले आणि पंखवाले म्हणतात. धूरवाल्यांत बहुतेक सगळे पालक, औषधाचा दुकानदार आणि मुलीचा काका. पंखवाल्यांत कॉलेजातली मुलं, एक निवृत्त वनाधिकारी आणि एक बाई, ज्यांनी वटवाघळाच्या पिलाचं चित्र छापलेले सदरे वाटले. धूरवाले म्हणतात, वटवाघूळ म्हणजे उडतं विष. पंखवाले म्हणतात, वटवाघळापासून माणसाला आजवर काहीही झालेलं नाही, हा सगळा बनाव आहे. दोघांकडे कात्रणांची फाईल आहे. दोघंही एकमेकांना सांगतात, जरा विज्ञान वाचा.

काल शिक्षकांच्या खोलीत मी तुझे आकडे सांगितले. गणिताचे सर म्हणाले, "अकरा भागिले एकशे चाळीस. आठ टक्के. शंभरात आठ मुलं गेली तर चालतील का तुम्हाला?" चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "विषाणू एकातही नाही ना? मग मिटलं." मी म्हटलं, तसंही नाही आणि तसंही नाही. सर म्हणाले, "हेडमास्तर, तळ्यात की मळ्यात ते एकदा ठरवा." मामा कप ठेवता ठेवता म्हणाले, "साहेब काठावर उभे आहेत. म्हणजे दोन्हीकडून ढकलणार." सगळे हसले. महिनाभरात तेवढंच एकमत झालं.

हजेरीत ती मुलगी तेविसावी होती. बावीस झाले की वर्गशिक्षिका थांबतात, मग चोवीस म्हणतात. पट बदलून घ्या, असं त्यांना सांगायला मी दोनदा दारापर्यंत गेलो आणि परत आलो. तिची आई शाळेचे गणवेश शिवते. या वर्षीचे नव्वद तिच्याकडेच आहेत. शिवण थांबवा असं तिला म्हणवत नाही, आणि चालू ठेवा असंही म्हणवत नाही. तिच्या खिडकीतून मशीनचा आवाज येतो. मध्येच बराच वेळ येत नाही.

अर्ज माझ्या टेबलावर आहे. तू ये. तुझं ऐकतील.

धाकटा


२८ फेब्रुवारी

धाकट्या,

सभेनंतर तुझं पत्र नाही, त्यामुळे उत्तर कशाला द्यायचं ते कळत नाही. सभेचंच लिहिते. तू समोर होतास, तरी लिहिते, कारण ती जशी झाली तशी आता कुणाला आठवत नसावी.

शाळेचं सभागृह, तीनशे माणसं. डावीकडे धूरवाले, उजवीकडे पंखवाले, मधली वाट मोकळी. पहिल्या रांगेत मुलीची आई. मी अण्णांच्या पद्धतीने उभी राहिले. मला दुसरी येतच नाही. जेवताना आपण भांडलो की अण्णा हात वर करायचे. "तिचं म्हणणं तिच्याहून चांगलं मांड. ती 'हो, हेच' म्हणाली की मग तुझं." तू आठ वर्षांचा, नाक ओढत ओढत माझी बाजू मांडायचास, आणि ती मांडता मांडता कधीकधी तुला पटूनही जायची.

म्हणून आधी धूरवाल्यांचं मांडलं. चार मिनिटं. मी म्हणाले, "या भिंतीमागे सहाशे वटवाघळं आहेत आणि हा आजार त्यांच्यात येऊन गेलेला आहे. एक मूल गेलं. तिच्या आईला 'शक्यता कमी होती' असं सांगणं म्हणजे त्या मुलीला आकड्यांत पुरणं आहे. वटवाघळं गेली तर दोन-चार झाडांचं नुकसान होईल. मुलं गेली तर मागे काही उरत नाही. मग वाट कशाची बघायची?" मी विचारलं, "हेच ना तुमचं म्हणणं?" तीनशेतली दोनशे माणसं एकदम "हो" म्हणाली. अण्णांना आवडलं असतं. मग पंखवाल्यांचं मांडलं, तीन मिनिटं. मग माझं, वीस मिनिटं. माझं चालू असताना खुर्च्या सरकत होत्या.

नंतर मुलीच्या आईने माझा हात धरला. "तुम्ही सांगितलंत," म्हणाली. "इतके दिवस कुणी सांगतच नव्हतं." ते माझं नव्हतं, असं मी तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं. तिचा हात गार होता. मी म्हटलं नाही.

काल आमच्या संस्थेच्या संचालकांनी बोलावलं आणि फोन पुढे सरकवला. चार मिनिटांचा व्हिडिओ. माझा चेहरा, माझा आवाज, "मग वाट कशाची बघायची?", आणि संपलं. खाली लिहिलंय, 'वटवाघळांच्या शास्त्रज्ञ स्वतः सांगतात'. चाळीस हजार लोकांनी पाहिलाय. पंखवाल्यांची मला पत्रं आली आहेत. ती तुला पाठवत नाही. संचालक म्हणाले, "बाई, तुम्ही असं बोललात?" मी म्हटलं, "बोलले, पण ते माझं मत नव्हतं." ते म्हणाले, "तोंड तर तुमचंच दिसतंय."

तू टेबलावर फोन उभा करून ठेवला होतास. त्यात सगळी सभा असेल. ती पूर्ण, सत्तावीस मिनिटं, लोकांसमोर टाक. आणि तुकडा कुणी कापला ते शोधून काढ.

ताई


४ मार्च

ताई,

पत्र मिळालं. फोनमधली जागा संपली होती, पुढचं उतरलंच नाही. आणि माझा फोन शिक्षकांच्या खोलीत पडलेला असतो, कुणीही उचलतो. आता कुणाकुणाला विचारत बसू.

लोक रस्त्यात थांबवून माझे हात हातात घेतात. ताईंनी एक घाव दोन तुकडे केले, म्हणतात. औषधाच्या दुकानदाराने तुझा फोटो काचेवर लावलाय, खोकल्याच्या बाटल्यांच्या वर. चिडू नकोस. बऱ्याच दिवसांनी इथे माणसं नीट झोपतायत.

रविवार, सतरा तारीख ठरली.

तब्येतीला जप.

धाकटा


८ मार्च

धाकट्या,

तुझ्या पत्राच्या सुरुवातीला माझं म्हणणं नव्हतं. लहानपणापासून पहिल्यांदा. घाईत राहिलं असेल, असं धरून चालते.

तुझं मी मांडते. गाव शांत झालंय आणि ती शांतता मोडायची तुझ्यात ताकद नाही. ताई बोलून गाडीत बसते, तुला त्याच रस्त्याने रोज शाळेत जायचंय, निवृत्त झाल्यावरही तिथेच राहायचंय. आणि कुठेतरी तुला वाटतं की एवढी माणसं एवढ्या खात्रीने म्हणतायत, तर त्यांच्या म्हणण्यात काही असेल. हेच ना?

आता माझं. संचालकांना एका वाक्यात खुलासा हवा होता. मी त्यांना सांगितलं, एका वाक्यात होत नाही, आणि अर्धं पान लिहून दिलं. प्रसिद्धी विभागाने त्यातलं अर्धं वाक्य उचललं: 'धोका लहान असल्याचे शास्त्रज्ञांचे स्पष्टीकरण'. संध्याकाळपर्यंत धूरवाल्यांचे निरोप आले, बाईंना वरून दम मिळाला, बाई फिरल्या. पंखवाले म्हणाले, उशिरा का होईना, बाईंना अक्कल आली. म्हणजे दहा दिवसांत मी दोन्ही पक्षांत जाऊन आले. मला जे म्हणायचंय ते अजून कुणी ऐकलेलं नाही.

शास्त्रज्ञ म्हणून नाही, बहीण म्हणून मागते. सही करू नकोस. किल्ली देऊ नकोस. हरवली म्हण. सगळ्यांसमोर मला खोटारडी म्हण, चालेल. कुलूप तेवढं राहू दे. तसं राहिलं तर बहुधा कुणालाच काही होणार नाही, आणि काही झालं नाही म्हणून कुणी तुझे हात हातात घेणार नाही. एवढंच तुझ्याकडे मागते आहे, आणि ते किती आहे हे मला माहीत आहे.

ताई


१८ मार्च

ताई,

काल झालं.

सकाळी आठला दार उघडलं. चार लोखंडी घमेल्यांत भुसा, गंधक आणि ओला पाचोळा पेटवून आत ढकलला आणि दार लावून घेतलं. धूरवाले तोंडाला रुमाल बांधून अंगणात, पंखवाले फाटकाबाहेर फलक घेऊन. दहा मिनिटं काहीच नाही. मुलीचा काका म्हणाला, "गेली वाटतं सगळी." मग छपराच्या भेगेतून ती यायला लागली. सहाशेहून जास्त असावीत. भर उन्हात, तारांवर आपटत, टाकीवर आपटत, माणसांच्या अंगावर. वर्गांच्या झरोक्यांतून आत शिरली. दोन्ही पक्ष पळाले. पहिल्यांदाच सगळे एका दिशेला.

दुपारी अंगणात शे-दीडशे पडली होती. काही हलत होती. कुणी हात लावायचा नाही, असं मी ओरडून सांगत होतो. वाक्य तुझं होतं. सोमवारी शाळा भरायची, म्हणून मामा पोती घेऊन आले. हातमोजे मागवले होते ते पोचले नव्हते. "साहेब, मुलं यायच्या आत उचलायला नको का?" मामांनी विचारलं. मी हो म्हटलं. पाचवीच्या वर्गात बाकाखाली एक होतं, ते त्यांच्या अंगठ्याला चावलं. त्यांनी अंगठा नळाखाली धरला, झटकला आणि पुढचं उचललं.

आज मुलीच्या आईचा निरोप आला. तिच्या माळ्यावर वटवाघळं आहेत, शिवून ठेवलेल्या गणवेशांवर.

आता तू विचारलं होतंस त्याचं. तुकडा मी कापला. फोनमध्ये जागा होती. सत्तावीसही मिनिटं होती. सभेनंतर घरी येऊन एकटाच ऐकत बसलो. तुझी पहिली चार मिनिटं संपली आणि माझ्या तोंडून मोठ्याने "हो, हेच" निघालं. ही आतून विचारायला आली, कुणाशी बोलताय. ताई, ते माझं म्हणणं होतं. महिनाभर मला जे धड मांडता येत नव्हतं ते तू माझ्याहून चांगलं मांडलंस. पुढची तेवीस मिनिटं बरोबर आहेत हे मला कळत होतं. पण त्यांत मी नव्हतो. म्हणून चार मिनिटं तेवढी काढली आणि शिक्षकांना पाठवली. तुला फसवायला नाही, गावाला चेतवायलाही नाही. कुणीतरी आपल्याला समजून घेतलंय, हे दाखवायला. पुढे ती कुठे जातील याचा विचार केला नाही, असं लिहिणार होतो. केला होता.

आणि सही. अर्ज टेबलावर आहे, असं तुला लिहिलं होतं. होता. सहीसकट. वाटलं होतं, तू येऊन मला चुकीचं ठरवलंस तर खोडीन.

खोडली नाही.

धाकटा


२२ मार्च

धाकट्या,

मामांचा अंगठा ही तब्येत होती. ती फोनवर सांगायची होती. पाच दिवस गेले.

पत्र वाचल्यावर लगेच फोन केला, तुझ्या बायकोने घेतला. तिला सगळं सांगितलंय, तरी लिहून देते. मामांना आजच्या आज मोठ्या दवाखान्यात ने. वटवाघूळ चावल्याचं स्पष्ट सांग. रेबीजची लस द्यायला लाव. ती वेगळ्या रोगाची, पण लागते. आमच्या विषाणूवर लस नाही. तीन आठवडे रोज दोन वेळा ताप मोजायचा. पाचवीचा वर्ग बंद ठेव. मुलीच्या आईला त्या घरातून बाहेर काढ आणि माळ्यावर कुणाला चढू देऊ नकोस.

बाकीच्या पत्राला उत्तर द्यायला आधी तुझं म्हणणं मांडायला बसले. तीन कागद फाडले. मांडता येत नाही.

ताई


२८ मार्च

ताई,

मामांना परवा ताप आला. नववा दिवस. काल बोलणं अडखळायला लागलं. डॉक्टरांनी नमुना तुमच्याकडे पाठवलाय, गाडीने.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर दोन्ही पक्ष येऊन उभे आहेत. धूरवाले म्हणतात, वटवाघळांनी आणखी एक बळी घेतला, आधीच मारली असती तर ही वेळ आली नसती. पंखवाले म्हणतात, धुराने घेतला. दोघांच्या फलकांवर मामांचा फोटो आहे, एकच, स्नेहसंमेलनातला, हातात माईक धरलेला. बळी म्हणतायत. मामा अजून आहेत.

काल ते जरा शुद्धीवर होते. खिडकीतून गलका येत होता.

"कोण आलंय साहेब?"

"लोक आलेत. तुमच्यासाठी."

"मग आत का येत नाहीत?"

मामी म्हणाल्या, "तुम्ही गप पडा बघू." मी खिडकी लावून घेतली. तीन दिवसांत त्यांना भेटायला आत आलेली माणसं मी मोजली. वर्गशिक्षिका आल्या, आणि मुलीची आई.

तुझं म्हणणं मी मांडून बघतो. तुझा आवाज तुझ्याच विरुद्ध वापरला गेला, तो मी वापरला, आणि अण्णांनी दिलेल्या नियमाच्या आडून वापरला. हेच ना?

धाकटा


२ एप्रिल

धाकट्या,

हो, हेच.

नमुना मीच तपासला. दोनदा. विषाणू आहे.

अहवालात चार वाक्यं लिहिली. मामांच्या नमुन्यात विषाणू आढळला. तो धुराने पांगलेल्या वटवाघळाच्या चाव्यातून आला असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. यावरून मुलीच्या मृत्यूच्या कारणाबद्दल काहीही ठरत नाही. उरलेल्या वटवाघळांना कुणी हुसकावू नये. एकही शब्द फालतू नाही, मी पुन्हा पुन्हा वाचलं. दुपारी तो बाहेर गेला आणि संध्याकाळी धूरवाले पहिलं वाक्य घेऊन रस्त्यावर होते, पंखवाले दुसरं. तिसरं आणि चौथं कुणी नेलं नाही.

संचालकांनी मला रजेवर जायला सांगितलंय. दोन्ही बाजूंची तक्रार आहे, म्हणाले. पूर्वी मला वाटायचं, दोन्हीकडून शिव्या आल्या म्हणजे आपण नीट उभे आहोत. तसं काही नसतं. शिव्या दोन्हीकडे पोचतात, बाकी काही पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अण्णांचा नियम दोन माणसांचा होता, एका टेबलाशी बसलेल्या. तिसरं कुणी दारातून ऐकत नसायचं. हे मला सभेत उभं राहण्याआधी सुचायला हवं होतं. मी शास्त्रज्ञ आहे, परिस्थिती बदलली की पद्धत तपासायची असते. तपासली नाही. ती अण्णांची होती, म्हणून.

मामांना यंत्रावर घेतलं तर मला कळव. फोनवर.

ताई


६ एप्रिल

ताई,

फोन केला होता, बोललो आहोत. मामा यंत्रावर आहेत. तरी कागदावरचं कागदावर.

पूर्ण सभा टाकली. सत्तावीस मिनिटं, काही न कापता, वर माझ्या नावाने लिहिलं की तुकडा मी कापला होता. पाच दिवस झाले. एकोणीसदा पाहिली गेली. त्यातले तीनदा मीच. चार मिनिटांचा तुकडा दोन लाखांवर गेलाय. खाली एकाने विचारलंय, हेडमास्तरांवर कुणी दबाव आणला.

शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या सरांनी खुर्ची खिडकीशी नेली, चित्रकलेच्या बाईंनी दाराशी. चहा मी करतो. टेबलावर दोन अर्ज आहेत. एक, गावातल्या सगळ्या माळ्यांवर धूर करावा. दुसरा, व्यायामशाळेचं दार वटवाघळांसाठी कायमचं उघडं ठेवावं. दोन्हींवर माझी सही हवी आहे. दोन्हींना तुझा अहवाल जोडलाय.

काल मुलीच्या आईकडे गेलो. ती बहिणीकडे राहते आता. तुझी चार वाक्यं वाचून दाखवली. तिसऱ्या वाक्याशी तिने मला थांबवलं. "ताईंनी सभेत सांगितलं होतं ना? सगळ्यांसमोर सांगितलं होतं." मी म्हटलं, ते त्यांचं मत नव्हतं, त्या तुमचं म्हणणं मांडत होत्या. तिने कागदावर हात ठेवला. मग म्हणाली, "एक कारण मिळालं होतं, सर. ते कशाला परत नेता?"

मी कागदाची घडी घातली आणि उठलो. तिने चहा विचारला. नको म्हटलं.

धाकटा

७ एप्रिल. पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून इथेच लिहितो. आज सकाळी सहा चाळीसला मामा गेले. मामी बाहेर बाकावर होत्या. म्हणाल्या, "साहेब, लोक विचारतील, कशाने गेले. काय सांगू?" मी तुझी चार वाक्यं सांगितली, क्रमाने, काही न गाळता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "एवढं माझ्या ध्यानात राहायचं नाही. एकच सांगा." मी म्हणालो, "तापाने." "बरं," म्हणाल्या, आणि दवाखान्याचे कागद घ्यायला आत गेल्या.